बेस काढा

काळुराम केणेला आयुष्यात एकच विनोद धड सांगता यायचा, आणि तो त्याच्या आईवर होता.

विनोद असा. काळुराम कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायला लागला. ते धूड खांद्याला लावून तो पहिल्यांदा चोळेगावात घरी आला, तेव्हा त्याची आई तुळसा ओटीवर करंदी निवडत बसली होती. तिने विचारलं, "काय वाजवतंस रं?" तो म्हणाला, "बेस." तर आई म्हणते, "बेस वाजवतंस ता मना म्हाईत हाय. पन वाजवतंस काय?"

आगरी माणसाच्या तोंडात बेस म्हणजे छान. कालवण बेस झालं, सून बेस मिळाली, मांडव बेस सजला. इंग्रजीतला बेस त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत तोवर पोचला नव्हता. ऑर्केस्ट्रातली डोंबिवलीची पोरं या विनोदावर पोट धरून हसायची. काळुराम आईचा जाडा आवाज काढून, तिच्यासारखी मान तिरकी करून सांगायचा म्हणून आणखीच हसायची. सहा-सात वर्षांत त्याने तो शे-दोनशे वेळा तरी सांगितला असेल. इतक्यांदा सांगूनही त्यातला अर्धा अर्थ आपणच विसरायचा, याला माणूस फार हुशार व्हावा लागतो. काळुराम तेवढा हुशार झाला.

बेस गिटार त्याने हौसेने घेतली नव्हती. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातली पाळी संपवून तो ऑर्केस्ट्रावाल्या कान्हा मास्तरांकडे कल्याणला जायचा तो लीड गिटार शिकायला. पण लीडवर मास्तरांचा मेव्हणा होता, आणि मेव्हण्याला हलवणं मास्तरांच्या हातात नव्हतं. बेस मात्र कोपऱ्यात धूळ खात पडलेली, कारण ती कोणालाच नको असायची. चार जाड तारा, खांदा मोडेल एवढं वजन, आणि वाजवायचं काय, तर गाण्याच्या बुडाशी ढुम ढुम. बेसवाल्याने रंगमंचावर मागे, ड्रमच्या आडोशाला उभं राहायचं. तो चुकला तर सगळे वळून बघतात, बरोबर वाजवलं तर कोणी बघत नाही. कार्यक्रम संपताना निवेदक एकेकाचं नाव घ्यायचा, टाळ्या व्हायच्या, आणि काळुराम यायचा अगदी शेवटी, "आणि इतर साथीदार" या शब्दांत. दोन वर्षं तो इतर होता.

त्र्याऐंशी साली दुमिंग अंकलनी त्याला ती रेकॉर्ड ऐकवली. अंकल ऑर्केस्ट्रात ट्रंपेट वाजवायचे. ठाण्याला चरईत राहणारे जुने ईस्ट इंडियन ख्रिस्ती, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. एका रविवारी चर्चमधून आल्यावर त्यांनी काळुरामला जेवायला बोलावलं. त्यांचा भाचा बोटीवर कामाला होता, त्याने कुठल्याशा बंदरातून ही रेकॉर्ड आणली होती. कव्हर वाटेत भिजून फाटलेलं आणि मधल्या गोल कागदावरची अक्षरं पुसलेली. वाजवणारा कोण, कुठला, अंकलना काही ठाऊक नव्हतं. या वाजवण्याला जॅझ-फंक म्हणतात, एवढं भाच्याने सांगितलं होतं. "तू आयक," अंकल म्हणाले. "तुजा बाप हाय त्यात."

आधी ड्रमचे दोन ठोके पडले, आणि मग जे आलं ते ऐकून काळुरामला वाटलं की रेकॉर्ड प्लेअर बिघडलाय. बेस पुढे होता. नुसता मोठा नव्हता, पुढे होता. वाजवणारा तार बोटाने छेडत नव्हता, अंगठ्याने हाणत होता, आणि मधूनच एखादी तार खालून उचलून सोडत होता, ती चपकन आपटायची. ढोलकीची थाप आणि गाण्याची चाल दोन्ही एकाच हातातून येत होती. ट्रंपेट, कीबोर्ड, सगळी एरवी मिरवणारी मंडळी मागे उभी होती. बेसने बोलावलं की पुढे यायची, दोन शब्द बोलायची आणि गुमान आपल्या जागी जायची. हे ऐकताना काळुरामच्या डोळ्यांपुढे सगळ्यात आधी आलं ते मास्तरांच्या मेव्हण्याचं तोंड, आणि त्याला फार बरं वाटलं.

तिसऱ्या गाण्यात (गाणं म्हणायचं इतकंच, गाणारं कोणी नव्हतंच) बेस चार मात्रा बोलून थांबायचा, आणि तो थांबला की सगळा ताफा श्वास धरून उभा राहायचा. ती रिकामी जागासुद्धा त्याच्याच मालकीची होती. काळुरामचा पाय अंकलच्या फरशीवर आपोआप हलायला लागला. ते कानातून शिरतच नव्हतं. खुर्चीच्या फळीतून, बेंबीच्या खालून वर चढत होतं. मग पाचवं गाणं लागलं. ते संथ होतं. ड्रम जवळजवळ गप्प, आणि बेस एकटा गात होता, खालच्या पट्टीत, घाई न करता, कोणाला खूश करायचा विचार न करता. काळुरामच्या हातातला घास तसाच राहिला.

"बाईगत गातंय ना?" अंकलनी विचारलं.

"आयगत," काळुराम म्हणाला.

तुळसा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून. आधी लग्न लावते धवलारीण, आणि ती ते गाऊन लावते. मांडवाचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा, आणि तिने ओळ म्हटल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. बाकीच्या धवलारणी उंच आवाजात गायच्या. तुळसाचा आवाज जाडा, बाप्यासारखा. ती खालून ओळ टाकायची आणि दहा बायका ती वर उचलायच्या. ती थांबली की मांडव थांबायचा. काळुरामचा बाप गोमाजी मिठागरात कामाला होता, तो लवकर गेला. त्यानंतर याच आवाजावर तुळसाने पाच गावांत मान मिळवला आणि दोन पोरं वाढवली, काळुराम आणि धाकटी सगुणा. शाळेत असताना काळुरामला या आवाजाची लाज वाटायची. चरईत, कोणा परक्याच्या चार तारांवर, तो त्याला पहिल्यांदा आवडला. आईला मात्र त्याने हे कधी सांगितलं नाही. विनोद सांगत राहिला.

अंकलनी रेकॉर्ड एका कॅसेटवर भरून दिली आणि वर बॉलपेनने एकच शब्द लिहिला, बेस. पुढची काही वर्षं ती कॅसेट चोळ्याच्या त्या घरात रोज वाजली. काळुराम दोन मात्रा ऐकायचा, टेप मागे न्यायचा, पुन्हा ऐकायचा. अंगठ्याला फोड आले, फुटले, कातडी घट्ट झाली. गिटारला तुळसा घुम्या म्हणायची. भाकऱ्या थापताना तिचे हात कधीकधी त्या कॅसेटच्या तालावर पडायचे, पण काळुरामचं लक्ष तारांकडे असायचं. एकदा मात्र ती वैतागली. भर दुपारी तेच तेच शंभर वेळा ऐकून म्हणाली, "यो घुम्या खारीत नेऊन टाक, माझा डोका घुमतो." काळुरामने ते बोलणं मनात ठेवलं. आईने केलेलं काही त्याने असं जपून ठेवलं नव्हतं, हे तेवढं ठेवलं.

पंच्याऐंशी साली कल्याणच्या एका सभागृहात ऑर्केस्ट्राचा शंभरावा कार्यक्रम झाला. त्या दिवशी प्रत्येक वादकाला माइकवर दोन शब्द बोलायला मिळणार होते. सगुणा आईला घेऊन आली होती. पाचव्या रांगेत तुळसा नवं लुगडं नेसून बसली होती, आणि काळुरामला ती दिसत होती. त्याची पाळी आली. आपल्या वाद्याबद्दल बोलावं, त्या रेकॉर्डबद्दल बोलावं, असं सगळं त्याने ठरवून ठेवलं होतं. समोर एवढी माणसं बघून त्याच्या तोंडून निघाला तो विनोद. आईचा आवाज, आईची मान, सगळं. सभागृह खळखळून हसलं. पाचव्या रांगेत तुळसाही हसली आणि हात वर करून टाळ्या वाजवायला लागली. कर्ण्यातून शब्द नीट कळत नव्हते. तिने सगुणाला विचारलं, सगली का हासली? सगुणाने खरं टाळलं. ती म्हणाली, दादानी तुझा नाव घेतला. दुसऱ्या दिवशी तुळसाने आळीत घरोघर जाऊन सांगितलं की माझ्या कालूने माइकवर माझा नाव घेतला.

नव्वद सालापर्यंत गावागावांत हळदीच्या कॅसेटी वाजायला लागल्या होत्या. ठाण्याला चेंदणीत मोरूशेठ म्हणून एक गृहस्थ होते, घरचा धंदा मासळीचा, पण त्यांनी दोन खोल्यांत रेकॉर्डिंगचं सामान मांडून कॅसेटी काढायला सुरुवात केली होती. काळुराम त्यांच्याकडे गेला. म्हणाला, माझ्या आईच्या धवल्यांची कॅसेट काढू. बेंजो नको, कॅसिओ नको. आईचा आवाज, मागे चार बायका, एक ढोलकी, आणि माझा बेस. बेस ढोलकीच्या मागे नाही, आईच्या शेजारी. ती ओळ टाकेल, मी ती खालून उचलीन, मग बायका. सात वर्षं त्या रेकॉर्डमधून जे शिकला ते सगळं यात ओतणार होता तो. मोरूशेठनी डोकं खाजवलं, पण तुळसाचं नाव पाच गावांत होतं, म्हणून हो म्हणाले. काळुरामला आयुष्यात पहिल्यांदा इतर व्हायचं नव्हतं. एवढं एक काम आपल्या नावाचं व्हावं, बाकी कारखाना आहेच मरेपर्यंत, असं त्याने सगुणाला सांगितलं होतं.

तुळसाने का म्हणून विचारलंसुद्धा नाही. पोराला कॅसेट काढायचीय ना, मग काढू. रेकॉर्डिंगच्या दिवशी कानावर मोठे हेडफोन चढवून ती काळुरामच्या शेजारी उभी राहिली. पहिल्या धवल्याला दोघं अडखळली. दुसऱ्याला तिने डोळे मिटले, खालून ओळ टाकली, आणि काळुरामच्या अंगठ्याने ती अशी उचलली की मागच्या बायका गायचं विसरल्या. त्याने मध्ये चार मात्रा रिकाम्या सोडल्या. आईने त्या सोडू दिल्या. कोणी न शिकवता ती थांबली, आणि बरोबर जागेवर पुन्हा आली. काळुरामने तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेलेच होते. आपण अंकलच्या घरी जे ऐकलं होतं ते हेच, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात मोरूशेठनी एक फोटो काढला.

तिथे चार पट्ट्यांचं मशीन होतं. एका पट्टीवर तुळसाचा आवाज, एकीवर बायका, एकीवर ढोलकी आणि एकीवर बेस. नंतर या चारी एकत्र करायच्या. ते काम दोन दिवसांनी होतं, आणि एका ओळीत रस्त्यावरचा हॉर्न शिरला होता म्हणून तुळसाला ती ओळ पुन्हा म्हणायला बोलावलं होतं. काळुरामचा त्या दिवशी नाशिकला कार्यक्रम होता. त्याने सगुणाच्या नवऱ्याला, गोविंदाला, सांगितलं की आईला स्कूटरवर घेऊन जा. गोविंदाने तिला दारापर्यंत सोडलं आणि तो खाली पानाच्या गादीवर गप्पा मारत बसला.

दोन महिन्यांनी कॅसेट आली. काळुरामने ती विकत घेण्याआधीच ऐकली. ठाकुर्लीला एका हळदीच्या मांडवाशेजारून जात असताना भोंग्यातून आईचा आवाज आला. तो थांबला. आईची ओळ आली, आणि तिच्याखाली जिथे त्याचा अंगठा पडायला हवा होता तिथे कॅसिओ टिंग टिंग करायला लागला. जिथे चार मात्रा रिकाम्या होत्या तिथेही टिंग टिंग. त्याने सगळी बाजू उभ्याने ऐकली. मांडवातली माणसं नाचत होती. बेस कुठेच नव्हता.

तो तसाच चेंदणीला गेला. मोरूशेठ बाहेर गेले होते. रेकॉर्डिंग करणारे गुप्ते होते, शांत, सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, शेठना पहिल्यापासून तो आवाज नको होता, भोंग्यातून नुसती घरघर येते म्हणत होते. "पण मी आपला तुझ्या आईला विचारलं. म्हटलं, मावशी, बेसचं काय करू? ठेवायचा की काढायचा? तर म्हणाल्या, बेस काढा. मी पुन्हा विचारलं, नक्की ना? तर म्हणाल्या, माझ्या पोराची कॅसेट आहे, बेस काढा. मग काय करणार?" ती पट्टी आता आहे का, असं काळुरामने विचारलं. गुप्त्यांनी मान हलवली. त्याच पट्टीवर कॅसिओ भरला होता.

चेंदणी ते चोळे या सगळ्या वाटेत काळुरामच्या डोक्यात एकच गोष्ट होती. घुम्या खाडीत टाक म्हणणारी हीच. तिला पहिल्यापासून तो आवाज नको होता. आपला एकटीचा आवाज पुढे राहावा म्हणून हिने माझा पुसला, आणि वर माझ्या पोराची कॅसेट म्हणून हक्कही गाजवला. एकदा माणसाला चिडायचंच असलं की त्याला पुरावे फार पटापट सापडतात.

तुळसा ओटीवर बसली होती. त्याने चपला न काढताच विचारलं, "गुप्त्यांना तूच सांगितलंस ना?"

तिचा चेहरा फुलला. "मीच सांगितला," ती म्हणाली. "एकदा नाय, दोनदा सांगितला. मोठी मानसा ती. सांगितल्याबिगर आपलेकडं ध्यान देतील काय?"

"माझ्या हातचं तेवढं एक होतं," काळुराम म्हणाला. "तेपन तुला बघवलं नाय."

तिला काही कळलं नाही. काय झाला रं, काय झाला, असं विचारत ती उठेपर्यंत तो आत जाऊन कपडे भरायला लागला होता. नेमकं काय सांगितलंस, एवढा एक प्रश्न त्याने विचारला असता तरी भागलं असतं. त्याने विचारला नाही. आपल्याला सगळं कळलंय अशी त्याची खात्री होती.

त्याने दिवा गावात खोली घेतली. दिव्यात तेव्हा चाळी भराभर उठत होत्या, नळाला दिवसाआड पाणी यायचं, आणि शेजारी कोण राहतं हे कोणी विचारत नव्हतं, हे त्याला सोयीचं होतं. गिटार मास्तरांच्या कोपऱ्यात परत ठेवून आला. अंकलनी दिलेली कॅसेट चोळ्यालाच कोनाड्यात राहिली. ती आणायला तो गेला नाही. ती ऐकली की आई आठवणार, हे त्याला ठाऊक होतं.

तुळसा सगुणाच्या हाती सुकट पाठवायची, सुकट परत जायची. एकदा ती स्वतः आली, गोविंदाला पत्ता विचारून, एकटी. काळुराम घरात होता. त्याने दार उघडलं नाही. ती जिन्यावर बसून राहिली, आणि दुपार कलल्यावर डबा शेजारणीकडे देऊन गेली. शेजारणीने डबा आणून दिला, तेव्हा म्हणाली की तुमच्या आईचा आवाज काय हो, अगदी पुरुषासारखा. डब्यात करंदीचं कालवण होतं. ते त्याने शेजारणीच्याच पोरांना दिलं.

इकडे चोळ्याला तुळसाकडे येणारी बोलावणी बंद झाली. का, तर तिची कॅसेट निघाली होती. टेपचं बटण दाबलं की धवला मिळतो, मग धवलारणीला साडीचोळी देऊन बोलवायचं कशाला. तिचाच आवाज पाच गावांत वाजायचा आणि ती ओटीवर बसून ऐकायची. या गोष्टीचंही काळुरामला मनातून बरंच वाटलं, हे लिहून ठेवायला हवं. हिला हेच हवं होतं, घे आता, असं तो सगुणाला म्हणाला. सगुणा रडली आणि पुढे वर्षभर त्याच्याकडे आली नाही.

सत्त्याण्णवच्या मार्गशीर्षात तुळसा गेली. काळुराम पोचला तेव्हा तिला बाहेर घेतलेलं होतं. त्याने खांदा दिला, सगळं केलं, डोळ्यांतून पाणी आलं नाही. चौथ्या दिवशी सगुणाने कोनाड्यातून कॅसेट काढून त्याच्यापुढे ठेवली. बेस हा शब्द आता दिसतही नव्हता.

"ही रोज लावायची," सगुणा म्हणाली. "सात वर्षं. आली-गेली मानसा बसवून ऐकवायची. यो माझे कालूनी वाजवलाय बोलायची."

काळुराम म्हणाला, ते मी नाही वाजवलेलं, ते परदेशातलं आहे. सगुणा म्हणाली, मना म्हाईत हाय, पन मी तिला सांगितला नाय. त्याने कॅसेट टेपमध्ये घातली. हजारो वेळा वाजून फीत झिजली होती. झांजा गेल्या होत्या, ट्रंपेट गेला होता, वरचं सगळं पुसून गेलं होतं. खालचा बेस तेवढा उरला होता, मळकट, पण धडधडीत. पाचव्या गाण्यापर्यंत त्याने ऐकलं आणि टेप बंद केला. त्याला काय वाटलं ते त्याचं त्यालाही नीट कळलं नाही. रोज माझा बेस ऐकणारी बाई तो काढा असं का सांगेल, एवढा विचार मात्र मनात आला, आणि त्याने तो झटकून टाकला.

बाराव्याला फोटो हवा होता. तुळसाचा एकटीचा फोटो घरात नव्हता. होता तो एकच, मोरूशेठनी काढलेला, हेडफोन लावलेला. तोच मोठा करून घ्यायला दोघं भावंडं डोंबिवलीला स्टेशनजवळच्या दुकानात गेली. दुकानदार इथलाच, जवळच्या गावचा होता. त्याने फोटो भिंगाखाली धरला आणि म्हणाला, बाजूच्या माणसाचा हात येतोय यात, आणि गिटारचं टोक. ठेवायचं की काढायचं?

सगुणाने पदर सावरला. "ता तुमी बघा, आमाला त्यातला काय कलतंय," ती म्हणाली. "आमचे आयचा फोटू हाय. बेस काढा."

दुकानदाराने मान हलवली आणि पावती लिहायला घेतली. त्याला काही वेगळं वाटलं नाही. काळुरामने काउंटरची काच धरली.

"काय बोललीस?"

"बेस काढा बोलले. का रं?"

"आय असं बोलायची?"

"आपन सगलीच असा बोलतो, दादा. तू नाय बोलत?"

तो बोलत नव्हता. तो शब्द त्याच्या तोंडात वाद्याचा झाला होता, आणि आईच्या तोंडातला विनोदाचा. गुप्त्यांनी आईचं बोलणं स्वतःच्या सभ्य उच्चारात सांगितलं, आणि आईची नक्कल शे-दोनशे वेळा केलेल्या माणसाला त्यात आई ऐकू आली नाही. हेडफोन लावून उभी असलेली तुळसा आता त्याला दिसत होती. गुप्ते विचारतायत, बेसचं काय करू, ठेवायचा की काढायचा. तिच्या कानावर दोन शब्द पडतायत, बेस आणि काढायचा. कॅसेट चांगली काढू ना, असंच विचारतायत ते, दुसरं काय विचारणार? मोठी माणसं, सांगितल्याशिवाय आपल्याकडे लक्ष देतील काय. म्हणून ती सांगते. माझे पोराची कॅसेट हाय, बेस काढा. त्यांनी नीट ऐकलं नसेल म्हणून पुन्हा सांगते. आणि मग दोन महिन्यांनी पोरगा चपलांसकट ओटीवर येऊन विचारतो, तूच सांगितलंस ना, तेव्हा आता तो शाबासकी देणार म्हणून तिचा चेहरा फुलतो.

सात वर्षं. परत पाठवलेली सुकट, तो जिना, तो डबा. एका शब्दाचा अर्थ तिला माहीत नव्हता, आणि त्याला दोन्ही माहीत होते.

दुकानदाराने पेन्सिलीने फोटोवर तुळसाच्या खांद्यालगत एक बारीक रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे काळुरामचा हात होता, तारेवर टेकलेला अंगठा होता. "हा हात आणि गिटार काढूनच टाकतो, साहेब," तो म्हणाला. "आजींचा फोटो बेस येईल. काढू ना?"

काळुरामने फोटोकडे बघितलं. आईचे डोळे मिटलेले होते.

"काढा," तो म्हणाला.